शेरीफ आणि घराण्यांचीं गुपितें

रहस्यकथा वाचण्याची आवड विद्यार्थिवर्गांत मोठी आहे, आणि ती वाईट आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. ज्या वाचनानें मनुष्य पुरावा आणि अफवा ह्यांतील भेद ओळखूं लागतो, त्यास निव्वळ करमणूक म्हणून हिणविणें योग्य नव्हे. परंतु रहस्यकथांतही दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत महानगरांतील एखादा कुशाग्र गुप्तहेर बुटाला लागलेल्या चिखलावरून अनोळखी गुन्हेगाराचा माग काढतो. दुसऱ्या प्रकारांत कथेचें स्थळ एखादा खेडवळ मुलूख असतो, आणि तेथें अनोळखी असा कोणीच नसतो. मेलेला, मारणारा, साक्षीदार आणि तपास करणारा अधिकारी हे सर्व एकमेकांच्या लग्नांना व प्रेतयात्रांना गेलेले असतात. अमेरिकेंतील ग्रामीण शेरीफच्या कथा ह्या दुसऱ्या प्रकारच्या होत. एखाद्या जुन्या घराण्यांत कांहींतरी दडलेलें असतें, आणि तें उजेडांत आल्याखेरीज आजच्या गुन्ह्याचा उलगडा होत नाहीं. अशा कथांचें मर्म शेरीफच्या चातुर्यापेक्षां भोवतालच्या सभ्य माणसांच्या मौनांत आहे, असें आमचें मत आहे. तें येथें उदाहरणांनीं मांडावयाचें आहे.

प्रथम हा शेरीफ कोण तें पाहूं. हा शब्द मुंबईमुळें मराठी वाचकांच्या कानांवरून गेलेला आहे; परंतु मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हें केवळ मानाचें पद. अमेरिकेंतील शेरीफ अगदीं निराळा. इंग्लंडांत ‘शायर’ म्हणजे जिल्हा आणि ‘रीव्ह’ म्हणजे राजाचा कारभारी. ह्या दोन शब्दांच्या संयोगानें शेरीफ हें नांव झालें. इंग्रज वसाहतवाल्यांनीं तें पद अटलांटिकपलीकडे नेलें. तेथें पुढें राजाच उरला नाहीं, तेव्हां राजाच्या ह्या कारभाऱ्याची निवड लोकांच्या मतांवर होऊं लागली. संयुक्त संस्थानांत कौंटी, म्हणजे आपल्याकडील जुन्या परगण्यासारखे भाग, तीन हजारांहून अधिक आहेत. आणि थोडीं संस्थानें सोडलीं तर सर्वत्र परगण्याचा शेरीफ निवडणुकीनें, बहुधा चार वर्षांकरितां, अधिकारावर येतो. तुरुंग सांभाळणें, कोर्टाचीं समन्सें बजावणें आणि गांवखेड्यांतील गुन्ह्यांचा तपास करणें हीं त्याचीं कामें. आपल्याकडील पोलीस पाटील गांवचाच रहिवासी असतो, एवढ्यापुरतें दोघांत साम्य. पण पोलीस पाटलास सरकार नेमतें, शेरीफला शेजारी निवडतात.

सगळी गोम ह्या एका गोष्टींत आहे. ज्याच्या घरीं आज झडतीस जावयाचें, त्याच्याच दारीं उद्यां मतें मागावयास जावयाचें! कोणाच्या आजोबांनीं कोणाचें शेत बळकाविलें, कोणती बहीण कोणत्या भावाशीं बोलत नाहीं, कोणत्या घरांत बंदूक आहे, हें शेरीफला न विचारतां ठाऊक असतें. परक्या अधिकाऱ्यास जें शोधण्यास महिने लागतील, तें त्याच्या जिभेच्या टोंकावर असतें. पण हीच जवळीक त्याचें तोंडही बंद करूं शकते. म्हणून शेरीफ हा सत्याचा सर्वांत जवळचा वाटाड्या होऊं शकतो, तसाच सत्याचा सर्वांत भक्कम अडसरही होऊं शकतो.

पहिल्या शक्यतेचें उत्तम चित्र विल्यम फॉकनर ह्यांच्या ‘इंट्रूडर इन द डस्ट’ ह्या कादंबरींत आहे. ती १९४८ सालीं प्रसिद्ध झाली. लेखक स्वतः मिसिसिपी संस्थानचा रहिवासी; त्यांना १९४९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. कथेंतील परगणा कल्पित आहे, परंतु त्यांतील माती खरी आहे. ल्यूकस बीचम नांवाच्या वृद्ध कृष्णवर्णी शेतकऱ्यावर व्हिन्सन गौरी ह्या गोऱ्या तरुणाच्या खुनाचा आरोप येतो. गौरी हें रानांतील दांडगें, आडदांड घराणें. आतां हे लोक व त्यांचे साथी येऊन ल्यूकसला तुरुंगांतून ओढून जिवंत जाळणार, असें सारें गांव धरून चालतें. ल्यूकसबद्दल गांवाचा जुना राग असा कीं तो कोणापुढें वांकत नाहीं. आणि त्याच्या ह्या ताठपणाच्या मुळाशींही एक कुलरहस्य आहे: तो ज्या भूमीवर राहतो तिच्या मूळ गोऱ्या मालकाचें रक्त त्याच्या अंगांत आहे. गांवास हें ठाऊक आहे. गांव तें ऐकून न ऐकल्यासारखें करतें.

ह्या म्हाताऱ्याचें म्हणणें ऐकावयास कोण पुढें येतो? चिक मॅलिसन हा सोळा वर्षांचा गोरा मुलगा. चार वर्षांपूर्वीं तो हिंवाळ्यांत ओढ्यांतील गोठलेल्या पाण्यांत पडला असतां ल्यूकसनें त्यास आपल्या घरीं नेऊन ऊब दिली, जेवूं घातलें, आणि मुलानें देऊं केलेलीं नाणीं नाकारलीं होतीं. ल्यूकसची विनंती एवढीच कीं, कबर उघडून पाहावी. प्रेतांतील गोळी त्याच्या पिस्तुलाची नाहीं. मुलाचा मामा नामांकित वकील आहे, वाचलेला आहे, उदार विचारांचा आहे; पण ल्यूकसनेंच खून केला हें त्यानें प्रश्न विचारण्यापूर्वींच ठरविलें आहे. शेवटीं चिक, त्याच्याच वयाचा कृष्णवर्णी सोबती ॲलेक सँडर, आणि सत्तरी गांठलेली अविवाहित मिस हॅबरशम, असे तिघे रात्रीं डोंगरांत जाऊन कबर खणतात. आंत व्हिन्सन नाहीं. भलत्याच माणसाचें प्रेत आहे!

येथें शेरीफ होप हॅम्प्टन कथेंत खऱ्या अर्थानें येतो. तो शेतकऱ्याचा मुलगा, धिप्पाड, सावकाश बोलणारा. दोन पोरें आणि एक म्हातारी भल्या पहांटे त्याच्या दारीं येऊन, आम्ही कबर खणली, असें सांगतात. त्यांना हांकून देणें सोपें होतें, कायद्याच्या भाषेंत त्यांनाच अपराधी ठरविणें त्याहून सोपें होतें. तो तसें करीत नाहीं. तो ऐकून घेतो आणि जाऊन पाहतो. त्याची सर्व थोरवी ह्या दोन क्रियापदांत आहे. पुढें निष्पन्न होतें तें असें कीं, व्हिन्सनला त्याच्याच भावानें, क्रॉफर्डनें, मारलें. लांकडाच्या व्यापारांत तो आपल्या भावाचीच चोरी करीत होता. मृत मुलाचा एका हाताचा वृद्ध बाप प्रथम बंदूक घेऊन आडवा येतो. पण सत्य समोर येऊं लागतांच तोच रुतणाऱ्या वाळूंत उडी घेऊन मुलाचें प्रेत बाहेर काढतो. ज्या घराण्यास अत्यंत हीन म्हणून गांव ओळखत होतें, त्यांतील बापानें सत्याकडे पाठ फिरविली नाहीं. पाठ फिरविली ती चौकांत जमलेल्या गर्दीनें. खून भावानें केला हें कळतांच शेंकडों लोक मोटारी सुरू करून मुकाट्यानें घरोघर निघून गेले.

कथेंत सत्य सांपडलें. पण इतिहासांत नेहमींच एखादा चिक आणि एखादा हॅम्प्टन वेळेवर भेटतो काय? ओक्लाहोमा संस्थानांतील ओसेज परगण्याची हकीकत ह्याचें दारुण उत्तर देते. १९०६ सालच्या कायद्यानें ओसेज ह्या मूलनिवासी जमातीच्या जमिनीची वांटणी झाली. पण भूगर्भांतील खनिजें जमातीच्या सामाईक मालकीचीं राहिलीं. तेथें तेलाचे मोठे सांठे होते. त्यांच्या उत्पन्नाचे वांटे पटावर नोंदलेल्या २,२२९ व्यक्तींस मिळूं लागले. हा वांटा विकतां येत नसे. तो वारशानेंच दुसऱ्याकडे जाई. म्हणजे ज्यास तो हवा असेल त्यास दोनच मार्ग: त्या कुटुंबांत लग्न करणें, आणि मरणाची वाट पाहणें. कांहीं जणांस वाट पाहण्याचा धीर नव्हता.

मोली बर्कहार्ट ही ओसेज स्त्री. तिचा पति अर्नेस्ट हा गोरा. मोलीची बहीण मिनी १९१८ मध्यें गूढ आजारानें वारली. १९२१ च्या मे महिन्यांत दुसरी बहीण ॲना हिचा गोळी घालून खून झाला. थोड्याच महिन्यांत आईही गेली. १९२३ च्या मार्चमध्यें तिसरी बहीण रीटा हिचें घर सुरुंगानें उडविण्यांत आलें. तींत रीटा, तिचा नवरा आणि घरांतील मोलकरीण असे तिघे मेले. प्रत्येक मृत्यूबरोबर संपत्तीचा ओघ मोलीच्या घराकडे वळत होता. ह्या सर्वांमागें अर्नेस्टचा मामा विल्यम हेल होता. तो परिसरांतील बडा पशुपालक. गरिबांस मदत करणारा म्हणून त्याची ख्याति. शेरीफच्या राखीव सहाय्यकाचा अधिकारही त्याच्यापाशीं होता! मोलीचा नातलग हेन्री रोन मारला गेला तेव्हां हेलनें त्याच्या शवपेटीस खांदा दिला. आणि त्याच रोनच्या आयुष्याचा २५,००० डॉलरांचा विमा त्यानें स्वतःच्या लाभार्थ उतरविलेला होता.

कित्येक वर्षें परगण्याच्या अधिकाऱ्यांच्या हातून कांहींच घडलें नाहीं. १९२५ मध्यें केंद्र सरकारच्या तपास खात्यानें टॉम व्हाइट ह्या अधिकाऱ्यास पाठविलें. योगायोग असा कीं हा व्हाइट स्वतः टेक्ससमधील एका शेरीफचा मुलगा. परगण्याच्या तुरुंगालगतच त्याचें बालपण गेलें होतें. त्याचीं माणसें गुरांचे व्यापारी, विमा एजंट अशीं सोंगें घेऊन गांवांत राहिलीं. १९२६ च्या जानेवारींत हेल व अर्नेस्ट पकडले गेले. त्याच वर्षीं अर्नेस्टनें गुन्हा कबूल केला, आणि १९२९ मध्यें हेल जन्मठेपेस गेला. १९२५ सालींच कायदा होऊन, निम्म्या किंवा त्याहून अधिक मूलनिवासी रक्ताच्या ओसेज व्यक्तीचे असे वांटे मूलनिवासी नसलेल्या व्यक्तीस वारशानें घेण्याची बंदी झाली. डेव्हिड ग्रॅन ह्यांनीं २०१७ मध्यें ह्या प्रकरणावर ग्रंथ लिहिला, आणि २०२३ मध्यें त्यावर चित्रपट निघाला. ग्रॅन ह्यांनीं जुनीं दप्तरें चाळून दाखविलें कीं, हेल हा एकटा नव्हता. ज्यांचा कधींच तपास झाला नाहीं असे संशयास्पद मृत्यु आणखी पुष्कळ होते. म्हणजे डॉक्टर, सावकार, पालक म्हणून नेमलेले प्रतिष्ठित गृहस्थ ह्यांपैकीं अनेकांस थोडें थोडें ठाऊक होतें, आणि प्रत्येकानें आपलें थोडें झांकून ठेविलें.

आतां कोणी म्हणेल कीं, घरची गोष्ट घरांतच राहावी. झांकली मूठ सव्वा लाखाची. ह्या म्हणींत शहाणपण आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. आजाऱ्याचा रोग, भावाची एकदांची चूक, बहिणीचें दुःख हें वेशीवर टांगावयाचें नसतें. परंतु प्रत्येक झांकलेल्या मुठीसंबंधीं एक प्रश्न विचारावा: तिच्याखालीं कोण चिरडला जात आहे? ज्या गुपितानें स्वतःच्या दुःखाची लाज राखली जाते, तें राखणें ही मर्यादा. ज्या गुपिताची किंमत दुसरा कोणी आपल्या हक्कानें, जमिनीनें किंवा प्राणानें देत आहे, तें राखणें ही भागीदारी. गौरींच्या घरांतील भाऊबंदकी झांकलेली राहिली असती तर ल्यूकस जळाला असता. हेलची प्रतिष्ठा झांकणाऱ्यांनीं मोलीच्या बहिणी गमावूं दिल्या.

दुसरा आक्षेप ह्याहून सूक्ष्म आहे. कोणी विचारील, बोललेंच पाहिजे असें म्हटलें तर कुटाळकीस ऊत येणार नाहीं काय? उत्तर कादंबरींतच आहे. तेथें गांव मुळींच गप्प नव्हतें. चौकांत दिवसभर गर्दी बोलतच होती. पण त्यांतील एकानेंही कबर पाहिली नव्हती. कुटाळकी पाठीमागें बोलते आणि अधिकाऱ्यासमोर मुकी होते. साक्ष जें पाहिलें तेवढेंच सांगते, आणि समोर उभी राहून सांगते. जेथें पहिली पुष्कळ असते तेथें दुसरी बहुधा दुर्मिळ असते.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस सुचवावेंसें वाटतें कीं, अशी कथा वाचतांना खुनी कोण एवढाच शोध घेऊन पुस्तक मिटूं नका. हें कोणास आधींच ठाऊक होतें, तो कां बोलला नाहीं, आणि तो वेळीं बोलता तर कोणाचा जीव वांचता, हे प्रश्न विचारा. शेरीफ निवडला जातो लोकांच्या मतांनीं. तो प्रामाणिक राहतो तोही लोकांच्याच साक्षींच्या बळावर. तुमच्यापैकीं पुष्कळांस पुढें एखाद्या भाऊबंदाच्या वांटणींत, एखाद्या विधवेच्या सातबाऱ्यावर, एखाद्या अल्पवयीन मुलीच्या ठरलेल्या लग्नांत अशीच वेळ येईल, आणि वडील मंडळी डोळ्यांनीं खुणावतील कीं गप्प बैस. वडिलांचा मान अवश्य राखा. सौम्य शब्दांत बोला. जें स्वतः पाहिलें नाहीं तें सांगूं नका. पण जें पाहिलें असेल, तें विचारणाऱ्यास सांगा. आणि कोणी विचारीतच नसेल, तर चिकप्रमाणें पहांटे उठून अधिकाऱ्याच्या दारापर्यंत चालत जा.