गिअर हवा की नको?

परवा नातीने जाहीर केले, "आजोबा, मला सायकल हवी, पण गिअरची!" तिचे बाबा म्हणाले, "शाळेत जायला गिअर कशाला?" झाले, निवाडा माझ्याकडे आला. मास्तर निवृत्त झाला तरी निकाल त्यानेच लावायचा!

पूर्वी मी पटकन 'नको' म्हटले असते. माझी चाळीस वर्षे काळ्या, साध्या सायकलवर गेली. कर्जत-खालापूरकडच्या भातशेतीतल्या सपाट रस्त्यांना तिच्यासारखी सोबत नाही. चेन उतरली तर बोटे काळी करून दोन मिनिटांत बसवता येते. गिअरच्या सायकलचा मागचा डिरेलर एकदा आपटून वाकला, की गावातला सायकलवाला हात जोडतो. हे सगळे आजही खरे आहे.

पण साधी सायकल बिनगिअरची नसते, तिला एकच गिअर असतो, हे मला फार उशिरा उमगले. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागे १८ असले, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीला छान, चढाला जड. गिअरच्या सायकलवर हेच प्रमाण एकास एक करता येते. मग जोर निम्म्याहून कमी लागतो, पण पाय दुपटीहून जास्त फिरवावे लागतात. काम तेवढेच, फक्त हप्त्यांनी!

कर्जतकरांना हे वेगळे शिकवायला नको. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, चढ ३७ फुटांना १ फूट. पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना आपल्या स्टेशनात मागून बँकर इंजिने जोडतात. त्या गाडीला कोणी आळशी म्हणत नाही.

माणसाला मात्र म्हणतो. 'टूर द फ्रान्स' सुरू करणारे आंरी देग्रांज गिअर बदलणे हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचे काम मानत. त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली.

वर्गात मीही देग्रांजच होतो. १९८५च्या सुमारास एक मुलगा वडिलांच्या उंच सायकलवरून शाळेत यायचा. सीटवर बसला तर पाय पोचत नसत. वाटेतल्या चढावर तो उतरून सायकल ढकलायचा आणि रोज दहा मिनिटे उशीर. मी त्याला दाराशी उभा करायचो. "चढ आला की उतरतोस, आळशी कुठला!" आठवीनंतर तो आला नाही. कारणे अनेक असतील. त्यात मी नव्हतो, असे मला म्हणवत नाही.

गेल्या वर्षी गुडघे कुरकुरू लागले आणि त्याच चढावर मी स्वतः उतरलो. तेव्हा तो आठवला.

असो. माझा निकाल असा. रोजच्या सपाट वाटेला साधी सायकल, घाटाला आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना गिअरची. स्वस्तातली एकवीस गिअरची मात्र कोणालाच नको, ती पहिल्या पावसाळ्यातच रुसते. नातीच्या वाटेत एकच चढ आहे, म्हणून तिला साधीच घेतली, पण मागचे १८ दातांचे फ्रीव्हील काढून २२ चे बसवून घेतले. खर्च किरकोळ. सपाटीला पाय थोडे जास्त फिरतील, चढाला जोर सुमारे १८ टक्के कमी लागेल.

नात अजून थोडी फुगलेली आहे. तिला एवढेच सांगितले, "चढावर उतरावेसे वाटले तर खुशाल उतर. शाळेत कोणी बोलले, तर मला सांग."