शब्दांची घोकंपट्टी

मुलाखतीला जायचं तर भारी भारी इंग्रजी शब्द पाठ हवेत, असं पोरांच्या डोक्यात कुणीतरी भरवून ठेवलं आहे. परवा खांबच्या नाक्यावर एक पोरगा एस.टी.ची वाट पाहत ‘युबिक्विटस, युबिक्विटस’ असा जप करीत होता.

“अर्थ काय रे बाळा?”

“सगळीकडे आढळणारा, काका.”

“म्हणजे खड्डा?”

हसला. पण वहीत लिहून घेतलं नाही. छापील यादीत खड्डा नव्हता ना!

अहो, २०११ साली पनवेल-इंदापूर रस्त्याचं चौपदरीकरण निघालं आणि ‘डायव्हर्शन’ हा शब्द आमच्याकडच्या आजीबाईंच्यासुद्धा तोंडी बसला. घोकला कुणी? धुळीबरोबर पोटात गेला. जोसेफ कॉनरॅड मूळचा पोलिश. विशीत येईपर्यंत त्याला धड इंग्रजी येत नव्हतं. गडी इंग्रजी जहाजांवर राबला, खलाशांत वावरला, वाचत राहिला. मग त्याच्या कादंबऱ्या साहेब लोक वाचू लागले. यादी पाठ करून कॉनरॅड झाल्याचं ऐकिवात नाही.

आणि यादी तरी कसली? धाटावला रसायनांचे कारखाने. महामार्गावरच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ‘इन’ लागला की अर्थ उलटा, हे शाळेत शिकलेलं. तेव्हा पोरगा म्हणणार, पेट न घेणारा! प्रत्यक्षात भडकन पेटणारा. हा शब्द चुकला तर मुलाखत नाही, माणूस जातो. त्या पोराची यादी मी मागून घेऊन पाहिली. पाचशे शब्द होते. हा नव्हता.