दोन रेघा

आजचा विषय वाचून तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे. बत्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवलेल्या, आयुष्यात कधी लूनासुद्धा न चालवलेल्या बाईने स्पोर्ट्‌स कारच्या टायरमधल्या सेन्सरवर लिहायचे म्हणजे जरा अतीच! पण यंदा ओहायोला मुलाकडे सहा महिने राहून आले, आणि तिथली हीच एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहिते.

मुलाने पन्नाशीत आपली जुनी हौस भागवून घेतली. २०१२ सालची लाल कॉर्व्हेट, सेकंडहँड. दोनच माणसे मावतात. आत बसायला मला कमरेतून वाकावे लागते आणि उतरताना कोणाचा तरी हात धरावा लागतो. सूनबाई तिला ‘माझी सवत’ म्हणते. दर शनिवारी मुलगा त्या गाडीतून नातवाला पोहण्याच्या क्लासला घेऊन जातो. रस्ता हायवेचा.

जुलैत एकदा मीही त्या गाडीत बसले होते. एक बटण दाबले की चारही चाकांतली हवा समोर आकड्यांत दिसते. तीस, तीस, एकतीस... आणि उजव्या मागच्या चाकापाशी आकडाच नाही. नुसत्या दोन आडव्या रेघा.

“हे काय रे?”

“काही नाही गं आई. सेन्सर गेलाय तो. टायर ठीक आहे. मी मोजली ना हवा मार्चमध्ये.”

मार्चमध्ये! मी गप्प बसले. परदेशात आणि मुलाच्या गाडीत आईने जास्त बोलू नये, असा माझा नियम आहे.

मग माझ्या शंकांना उत्तरे देता देता त्याने मला जे शिकवले ते थोडक्यात सांगते. हवा भरायचा जो वॉल्व्ह असतो, त्याच्याच आतल्या टोकाला, टायरच्या पोटात, काडेपेटीपेक्षा लहान असा एक सेन्सर बसवलेला असतो. गाडी उभी असली की तो झोपतो, चाक फिरू लागले की जागा होतो आणि हवेचा दाब रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. त्याची बॅटरी आतच सीलबंद असते, बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षांत ती संपते आणि मग अख्खा सेन्सरच नवा घालावा लागतो. मुलाच्या गाडीतले सेन्सर मूळचेच होते. म्हणजे त्यांनी निवृत्तीच्या वयानंतरही नोकरी केली. दोष कोणाचा नाही, वयाचा.

ही श्रीमंती थेरं आहेत असे मला आधी वाटले होते, पण तसे नाही. प्रवासी गाडीत हे यंत्र पहिल्यांदा आले १९८६ मध्ये, पोर्शे ९५९ मध्ये. कॉर्व्हेटमध्येही ते बऱ्याच वर्षांपासून आहे आणि त्याला सबळ कारण आहे. तिचे टायर ‘रन-फ्लॅट’ जातीचे. बाजूची भिंत इतकी कडक की हवा गेली तरी टायर बसत नाही, बेताच्या वेगाने काही अंतर गाडी नेता येते. म्हणून गाडीत स्टेपनीच नाही. पण यातली गोम बघा. टायर बसतच नाही, तर हवा गेल्याचे कळणार कसे? ना डोळ्यांना दिसत, ना चालवताना धड जाणवत. सांगणारा एकटा सेन्सर!

पुढे २००० साली अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरांचे प्रकरण गाजले. त्या अपघातांत दोनशेहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या लहान गाडीत हवेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. म्हणजे त्या पिवळ्या दिव्यामागे माणसांचे जीव आहेत.

असो. ऑक्टोबरअखेरीस एका रात्रीत कडाक्याची थंडी पडली आणि सकाळी सूनबाईच्या गाडीत नेमका तो पिवळा दिवा लागला. मुलगा म्हणाला, “थंडीमुळे. साडेपाच अंश सेल्सिअस तापमान उतरलं की साधारण एक पौंड हवा कमी दाखवते.”

मी म्हटले, “मग तुझ्या त्या दोन रेघांचं काय? तिथं किती उतरली?”

तो हसला, पण नातू धावत जाऊन हवा मोजायचा गेज घेऊन आला. मुले अशा कामांना कायम तयार असतात. मी वही-पेन्सिल घेऊन उभी राहिले. तो ओरडून सांगत होता आणि मी लिहीत होते. अठ्ठावीस. अठ्ठावीस. सत्तावीस. मग उजवे मागचे चाक.

“चौदा.”

“नीट बघ रे.”

“चौदाच आहे, आजी!”

मी वाकून पाहिले. शेजारच्या टायरसारखाच तोही ताठ उभा होता. मुलाच्या चेहऱ्याचा रंग उतरला. आदल्याच शनिवारी बापलेक त्याच चाकावर ताशी सत्तर मैलांनी जाऊन आले होते.

नातवाला मी त्या गाडीत बसू दिले नाही. हवा भरून, हळूहळू, मुलगा आणि मी टायरवाल्याकडे गेलो. त्याने मोबाइलएवढे एक यंत्र प्रत्येक वॉल्व्हपाशी धरले. तीन सेन्सरांनी आपापला नंबर आणि दाब सांगितला, चौथ्याने नाही. मग टायर रिमवरून उतरवला. तेही जपून, कारण टायर सोडवणारे लोखंडी पाते सेन्सरपाशी लागले तर तो तुटतोच. रबरात एक बारीक स्क्रू घुसलेला होता, आणि टायरच्या पोटात काजळीसारखी काळी भुकटी. कमी हवेवर धावताना टायरची भिंत आतून घासत होती, त्याचा तो भुगा. हा टायर पंक्चर काढून वापरण्याजोगा राहिला नाही, असे त्याने सांगितले. मागचे दोन्ही टायर नवे घेतले. सेन्सर मात्र चारही बदलले. चौघे एकाच वयाचे, एक गेला की बाकीचे मागोमाग जाणार, आणि दर वेळी टायर उतरवण्याची मजुरी वेगळी. बिल मला दाखवले नाही.

शेवटचा भाग मला फार आवडला. प्रत्येक सेन्सरचा नंबर वेगळा असतो, म्हणून गाडीला नव्यांची ओळख करून द्यावी लागते. तीही ठरलेल्या क्रमाने: चालकाच्या बाजूचे पुढचे चाक, मग पलीकडचे पुढचे, त्याच्या मागचे, आणि शेवटी चालकाच्या मागचे. एकेक ओळखले की हॉर्न वाजतो. क्रम चुकला तर गाडी डाव्या चाकाचे दुखणे उजवीकडे सांगत बसेल. हुबेहूब वर्गातली हजेरी! चौथा हॉर्न वाजला तेव्हा मी मनातल्या मनात ‘हजर’ म्हटले.

परतताना मुलगा म्हणाला, “आई, मला वाटलं, सेन्सर गेलाय म्हणजे बाकी सगळं ठीक आहे.”

त्या वाक्याने मला माझे जुने गुणपत्रक आठवले. परीक्षेला न बसलेल्या मुलापुढे आम्ही शून्य लिहीत नसू, रेघ मारत असू. शून्य म्हणजे मुलगा आला, त्याला काही आले नाही. रेघ म्हणजे आपल्याला काहीच माहीत नाही. एका वर्षी सातवीतल्या एका मुलापुढे मी चाचणीला रेघ मारली, सहामाहीला पुन्हा मारली. पट्टी लावून, सरळ. मुलगा तसा बरा होता, येईल, असे समजून चालले. जानेवारीत कळले की वडील गेले आणि तो स्टँडवरच्या हॉटेलात कपबशा विसळतो. शाळेपासून दहा मिनिटांवर. मी गेले तेव्हा उशीर झाला होता, तो परत आला नाही. त्या दोन रेघांकडे बघून मी एकदाही विचारले नव्हते, “हा कुठे आहे?”

म्हणून माझे म्हणणे एवढेच. ‘पूर्वी कुठे होते सेन्सर?’ असे म्हणणारे बरेच भेटतात. खरे आहे. पण पूर्वी सायकलच्या चाकालासुद्धा अंगठा दाबून बघायची सवय होती. सेन्सर आला आणि सवय गेली. आता सेन्सर मेला की आपल्याकडे दोन्ही नाहीत. पुन्हा अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे दिवा लागतो तो हवा पंचवीस टक्के कमी झाल्यावर. म्हणजे दिवा लागला नाही, तरी हवा बरोबर आहे असे नाहीच. गेज खिशात मावतो. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना मोजावी, आणि गेलेला सेन्सर त्याच आठवड्यात बदलावा.

हे दूर अमेरिकेचे नाही हो. आपल्याकडेही २०२० पासून ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचे सामान आणि ही यंत्रणा असेल तर लहान गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आहे. कमी हवेचा टायर त्या वेगात सतत दुमडतो, तापतो आणि फुटतो. नागपूरकर भाचेमंडळींनी हे दोनदा वाचावे. मावशी विचारणार आहे.

आता दर रविवारी मुलाचा फोन येतो तेव्हा तो आधी चार आकडे सांगतो. मी ते वहीत लिहून घेते. मग तो विचारतो, “आणि तुझं बीपी?”

“ठीक आहे रे.”

“ठीक नको, आई. आकडा सांग.”

मग उठते आणि मोजते.