कुठलाही चार्जर चालतो?

राजाजीनगरच्या आमच्या घरी मुलासाठी संगणक घ्यायचा ठरला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाची अट वेगळी होती. ह्यांना तो स्वस्त हवा होता, मला जागा न अडवणारा, तर सासूबाईंना वीज न खाणारा. शेवटी रास्पबेरी पाय ४०० आणला. दिसायला नुसता कीबोर्ड, पण सारा संगणक त्याच्याच पोटात. जुन्या टीव्हीला जोडला की झाले!

दुकानदाराने त्याचा ॲडॅप्टर वेगळा घ्यावा लागेल असे सांगितले, तेव्हा आम्ही दोघे एकदमच म्हणालो, "राहू द्या, घरात मोबाइलचे चार-पाच चार्जर पडलेत." वाचवलेल्या त्या पैशांचे पुढे काय झाले, ते सांगण्यासाठीच आजचे हे पान.

संगणक सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात अधूनमधून विजेचे एक पिवळे चिन्ह चमकायचे. आम्हाला वाटले, वीज सुरू असल्याची खूण असेल. दिवाळीच्या सुटीत मुलाने आजीला समोर बसवले आणि तिच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याच आवाजात साठवायला सुरुवात केली. महिनाभरात चाळीसेक ओव्या झाल्या. एके दिवशी त्याने पेन ड्राइव्ह लावला आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. असे दोन-तीनदा घडले. नंतर एकदा तो सुरूच होईना. आतले मेमरी कार्ड वाचता येत नव्हते. दुसरीकडे प्रत काढून ठेवायची अक्कल आम्हाला नव्हती. ओव्या गेल्या.

चिकपेट मेट्रो स्थानकावर उतरून आम्ही एस. पी. रोड गाठला. विजेच्या आणि संगणकाच्या सुट्या भागांसाठी अख्खे बेंगळूरू तिथेच जाते. दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने संगणकाकडे पाहिलेसुद्धा नाही. आमचा चार्जर हातात घेऊन त्याने विचारले, "व्होल्ट एष्टु? ॲम्पियर एष्टु?" म्हणजे, किती? आम्हा दोघांनाही सांगता येईना.

टाकी आणि नळ

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब जास्त. हा दाब म्हणजे व्होल्ट. नळातून किती पाणी वाहते, ते म्हणजे ॲम्पियर. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट मिळतात. आमच्या संगणकाला ५.१ व्होल्ट आणि ३ ॲम्पियर, म्हणजे सुमारे १५ वॅट देणारा ॲडॅप्टर लागतो. आमच्या चार्जरवर बारीक अक्षरांत लिहिले होते, ५ व्होल्ट, १ ॲम्पियर. म्हणजे फक्त ५ वॅट!

नियम अगदी सोपा आहे. व्होल्ट संगणकाला हवे तेवढेच असावेत, ॲम्पियर मात्र जास्त असले तरी चालतात. संगणक आपल्याला लागतील तेवढेच ॲम्पियर ओढतो. ते कमी पडले की दाब घसरतो. आमच्या संगणकात दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते पिवळे चिन्ह दिसते. आम्ही ज्याला खूण समजलो, तो इशारा होता! अशा वेळी कार्डावर काही लिहिले जात असेल, तर तिथली माहिती बिघडू शकते.

वायरही तितकीच महत्त्वाची. बारीक, लांब, स्वस्तातली वायर वाटेतच दाब खाते. वायरचा विरोध ०.२ ओहम असेल आणि तीन ॲम्पियर वाहत असतील, तर ०.६ व्होल्ट वायरमध्येच जातात. ५.१ चे उरतात ४.५. म्हणून ॲडॅप्टरला कायमची जोडलेली जाड, आखूड वायर उत्तम.

"पण माझा मोबाइलचा चार्जर ६७ वॅटचा आहे!" असे कुणी म्हणेल. हे ६७ वॅट बहुधा त्याच कंपनीच्या फोनसाठी, वाढीव व्होल्टवर मिळतात. ५ व्होल्टवर तोच चार्जर किती ॲम्पियर देतो, ते त्याच्या लेबलवर वेगळे दिलेले असते. तेवढेच आपल्या कामाचे.

इतर छोटे संगणक

२०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ साठी ५ ॲम्पियरचा ॲडॅप्टर सुचवलेला आहे. तीनचा लावला तरी तो चालतो, पण पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क यांना मिळणारी वीज स्वतःच कमी करतो. डब्याएवढ्या मिनी संगणकांना बहुधा १२ किंवा १९ व्होल्ट लागतात. लॅपटॉपच्या ॲडॅप्टरची पिन त्यात बसते म्हणून तो लावून पाहू नका. पिन बसणे आणि व्होल्ट जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिनेचा आतला भाग धन की ऋण, हेही लेबलवरच्या छोट्या चित्राशी ताडून पाहा.

वीज गेली तर?

एप्रिल-मेमध्ये इथे संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो, झाडाची फांदी तारेवर पडते आणि दिवे जातात. मध्येच वीज जाणे कार्डाला तितकेच घातक. घरी इन्व्हर्टर असेल तर संगणकाचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टरला 'यूपीएस' असे बटण असल्यास ते सुरू ठेवा, म्हणजे अदलाबदल लवकर होते.

सासूबाईंच्या अटीचाही हिशेब मांडते. असा संगणक सरासरी ६ वॅट धरून रोज आठ तास चालवला, तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. ॲडॅप्टर मोठ्या क्षमतेचा घेतला म्हणून बिल वाढत नाही.

खरेदीला जाताना

- संगणकाला लागणारे व्होल्ट आणि ॲम्पियर कागदावर लिहून न्या.
- शक्यतो संगणकाच्या कंपनीचाच ॲडॅप्टर घ्या.
- भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. तो खरा की खोटा, हे ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येते.
- ॲडॅप्टर हात लावता येऊ नये इतका तापला, गुणगुणू लागला किंवा जळका वास आला तर लगेच काढा.
- महत्त्वाच्या गोष्टींची एक प्रत नेहमी दुसरीकडे ठेवा.

नवा ॲडॅप्टर आणला. नवे कार्ड घातले. पिवळे चिन्ह त्यानंतर दिसले नाही. मी भीत भीतच सासूबाईंजवळ गेले, तर त्याच म्हणाल्या, "अगं, ओव्या काय, तोंडपाठ आहेत मला. पुन्हा म्हणेन. पण थंडीपासून आवाज बसलाय गं, तेव्हासारखा लागायचा नाही."

आता रोज दुपारी दोन ओव्या होतात. मधेच खोकला येतो, मुलगा थांबतो आणि पुन्हा सुरू करतो. रात्री त्या पेन ड्राइव्हवर उतरवून मी कपाटात ठेवते, दागिन्यांच्या डब्याशेजारी.