समुद्राचा लाभ कोणाच्या पदरात?

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून समुद्र दिसत नाही. तरीही भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतून आणि वाहनांतून निघणाऱ्या कर्बवायूचा भार समुद्र वाहतोच आहे. मानवाने हवेत सोडलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा तो शोषून घेतो आणि त्यापायी त्याच्या पाण्यातील आम्लता वाढत आहे. आता समुद्राकडून आणखी कर्ब शोषून घ्यावा, मासळी, रोजगार आणि किनाऱ्याचे रक्षण हे लाभ ओघाने येतीलच, असे सांगितले जाते. हे लाभ पारखून घेतले पाहिजेत.

2009 साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसमवेत दक्षिण अटलांटिकातील सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळले. सूक्ष्म वनस्पती फोफावल्या. पण बारीक कवचधारी जीवांनी त्या फस्त केल्या आणि खोल पाण्यात फारच थोडा कर्ब गेला. जलचरांना चारा मिळाला, मूळ हेतू मात्र साधला नाही. आनुषंगिक लाभ दाखवून मुख्य हिशेब झाकता येत नाही, हा त्याचा धडा.

खारफुटीची गोष्ट निराळी. तिच्या चिखलात कर्ब दीर्घकाळ साठून राहतो, मुळांच्या आश्रयाने मासे, कोळंबी आणि खेकड्यांची पिल्ले वाढतात, लाटांचा जोर मोडतो. खारफुटीचा नाश म्हणजे घटनेच्या 21व्या कलमातील जीवनाच्या हक्काचा भंग, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली म्हटले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचतगटाने कांदळवनाची नौकासफर चालवून रोजगार उभा केला. येथे लाभ स्थानिकांच्या हाती राहिला, हेच महत्त्वाचे.

केंद्र सरकारने 2023 साली कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना जाहीर केली. उद्या कारखानदाराने कोकणच्या खाडीतील क्रेडिट विकत घेतले आणि आपले धुराडे तसेच पेटते ठेवले, तर कागदावर हिशेब जुळेल. पण संत तुकाराम नगरातील कामगाराच्या मुलाच्या छातीत जाणारी काजळी कणभरही घटणार नाही. आणि खाडीवर मालकी क्रेडिटधारकाची झाली, तर कोळ्याचे जाळे तेथे परके ठरेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या एकत्र मांडाव्यात: धूर कारखान्यातच कमी व्हावा, आणि किनाऱ्यावरील कोणतीही योजना मच्छीमार सहकारी संस्थांच्या संमतीने व त्यांच्या वाट्यासह व्हावी. पिंपरीचा कामगार आणि कोकणचा कोळी यांची लढाई एकच आहे. ती वेगवेगळी लढली गेली, तर दोघेही हरतील.