खेडें म्हणावें कीं शहर?

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही सहकुटुंब नांदेडहून लातूर जिल्ह्यांतील औसा तालुक्यांत आमच्या वृद्ध मावशींकडे गेलों होतों. शहरांत वाढलेल्या मुलांस खेडें दाखवावें, हा हेतु. परंतु गाडींतून उतरतांच धाकटा म्हणाला, "बाबा, ही तर कॉलनी आहे!" त्याचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. रस्ते रुंद व सरळ, घरें एका मापाचीं व ओळीनें उभीं. नांदेडच्या जुन्या वस्तींत दोन रिक्षा समोरासमोर आल्या कीं वाद ठरलेला. त्या गल्ल्याच येथें अधिक खेडवळ ठरल्या असत्या.

याचें कारण थोरांस ठाऊक आहे, मुलांनीं तें ऐकावें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद (आतां धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें गेलीं, आणि तीं बहुतेक आपापल्या घराखालीं गेलीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व वर मातीचें जड माळवद, ही रचना उन्हाळ्यांत घर थंड ठेवी. त्या पहाटे तीच अंगावर आली. पुढें पन्नासांहून अधिक गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं, तीं शहरी आराखड्याप्रमाणें.

मावशी म्हणाल्या, "घर पक्कं हाय लेकरा, रातीला झोप लागती. पण शेजार पांगला." पूर्वीं भाकरी थापतां थापतां पलीकडल्या जावेशीं बोलणें होई, आतां तिच्याकडे जाण्यास दोन चौक ओलांडावे लागतात. म्हैस अंगणांतच पत्र्याच्या आडोशास बांधलेली दिसली.

जुन्या वाड्यांविषयीं हळहळणारे लेख शाळांच्या अंकांतून नेहमीं येतात. आम्हींही असा एक लिहिला आहे. पण ज्या भिंतींखालीं लेकरें गेलीं, त्यांच्यासाठीं मावशींना गहिंवर येत नाहीं, तर आपणांस तो कोणत्या अधिकारानें यावा? आमचें गाऱ्हाणें निराळें आहे. घर भक्कम करण्यासाठीं शेजार मोडण्याचें कारण नव्हतें. हलक्या छपराचीं, मजबूत घरें जुन्या आळींच्या क्रमानेंच बांधतां आलीं असतीं. तेथें कोण कोणाजवळ राहतो, एवढेंच आधीं विचारावयाचें होतें.

तरीही तीस वर्षांनंतर मावशींना प्रत्येक दारामागचें माणूस ठाऊक आहे. धाकट्यास कालवणाची वाटी देऊन पाठविलें, तो अर्ध्या तासानें परतला; वाटेंत जो तो विचारी, "कुणाचा रं तू?" आमच्या नांदेडच्या इमारतींत एका जिन्यावर चार दारें आहेत, आणि त्यांतील दोन दारांमागचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत, हें येथें कबूल करणें बरें.

निघतांना मावशींनीं हुरडा बांधून दिला. त्यांतील अर्धा समोरच्या दारीं द्यावा, असें मुलांच्या आईचें म्हणणें पडलें. नांव विचारावयास धाकट्यासच पाठविलें. आम्हांस संकोच वाटला.