पतसंस्थेचा पडदा चहाच्या टपरीवर

परवा संध्याकाळी टपरीवर एका पतसंस्थेतला ओळखीचा कर्मचारी भेटला. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आधी दुरुस्ती होऊ दे. म्हणाला, "दादा, आता सुट्टीच्या दिवशी ऑफिसला जायची गरजच नाही." मोबाईल काढला, आणि संस्थेच्या लिनक्स सर्व्हरचा अख्खा डेस्कटॉप समोर! कर्जदारांची यादी, थकबाकी, फोन नंबर. आमच्या आळीतली दोन नावं मला दिसली. ती मला दिसायला नको होती.

विचारलं, "मध्ये संरक्षण काय आहे?" तर म्हणे, "पासवर्ड आहे की."

मी काही संगणकवाला नाही, पण आमच्या साप्ताहिकाचा सर्व्हर लिनक्सवरच आहे, त्यामुळे हे डोकं खाऊन शिकावं लागलं. हे लोक वापरतात ते व्हीएनसी. त्याच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली 8 अक्षरंच मोजली जातात. तुम्ही 20 ठेवा नाहीतर 50. आणि एकदा आत गेलं की पडद्यावरचं चित्र, तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ, सगळं उघड्या पोस्टकार्डासारखं जातं. 5901 हा पोर्ट जगाला माहीत आहे. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात, त्यांना आपलं गाव नकाशावर कुठे आहे याच्याशी घेणंदेणं नसतं.

यावरचा उपाय जुना आहे. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू इलोनेन या संशोधकाने एसएसएच लिहिलं. आज ते जवळपास प्रत्येक लिनक्सवर मिळतं, फुकट. व्हीएनसीला फक्त 'लोकलहोस्ट'वर ऐकायला लावायचं आणि फायरवॉलमध्ये 5901 बंद करायचा. बाहेरून ते दार दिसतच नाही. मग एसएसएचने सर्व्हरपर्यंत बोगदा काढायचा: आपल्या मशीनचा 5901 सर्व्हरच्या 5901 ला जोडला जातो, आणि व्हीएनसीला सर्व्हरचा नाही, आपल्याच मशीनचा पत्ता द्यायचा. मधला सगळा प्रवास कुलूपबंद. पासवर्डने लॉगिन बंद करून प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याची स्वतःची की द्या; माणूस नोकरी सोडून गेला की त्याची की काढून टाका. टपरीवाल्याच्या डोळ्यांवर मात्र अजून बोगदा निघालेला नाही, तिथे मोबाईल खिशातच ठेवावा.

जाणत्या पोराचं हे अर्ध्या तासाचं काम. म्हणजे "बजेट नाही" हे कारण चालणार नाही. सभागृहाच्या एसीला बजेट होतं. शिवाय सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार असा घुसखोरीचा प्रकार लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावा लागतो. इथे घुसलेलं कळणार कोणाला, हाच प्रश्न आहे.

मी त्या संस्थेचा सभासद आहे. सचिवांना लेखी अर्ज दिलाय: पोर्ट बाहेरून बंद आहे का, बोगदा आहे का, कोणाकोणाला प्रवेश आहे. पोचपावती घेतली आहे. वार्षिक सभेआधी उत्तर आलं नाही तर हेच तीन प्रश्न माईकवर विचारणार. तुम्हीही आपापल्या संस्थेत विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते कळवा.